एकाच बोर्डावर घरही आणि छंदही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोपरखैरण्याचे एक वाचक. वय ५७. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत उभी नोकरी केली आणि गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरातला जुना डेस्कटॉप दोन महिन्यांपूर्वी बंद पडला. त्यावर पत्नी आपल्या डब्यांच्या ऑर्डरींचा हिशेब ठेवायच्या, बिलं भरायच्या. वाचक स्वतः सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे नोटिसा आणि पत्रं त्यावरच टाइप व्हायची. आता त्या डेस्कटॉपच्या जागी रास्पबेरी पायसारखा एक छोटा बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवर बसवलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्यावा, घरची कामं त्याच्यावरच करावीत आणि त्याच्यावरच दोन हौसाही भागवाव्यात असं त्यांच्या मनात आहे. एक हौस म्हणजे गच्चीवरच्या टाकीची पातळी घरात बसून कळावी, आणि दुसरी म्हणजे खाडीच्या बाजूच्या गॅलरीत येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो आपोआप निघावेत. बजेट १५ हजार. दुकानदार म्हणतो, घ्यायचा तर १६ जीबी मेमरीचाच घ्या, पुढची काळजी मिटेल. मित्र म्हणतो, तसाच चिनी बोर्ड कमी पैशांत येतो. पत्नीचं म्हणणं एवढंच, की काहीही आणा, पण मध्येच बंद पडता कामा नये. इंजिनीअरिंगला असलेली मुलगी म्हणते, बाबा, ते मुलांचं खेळणं आहे, सरळ लॅपटॉप घ्या. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "या वयात मला हे जमेल का?"

नमस्कार,

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. जमेल. ज्या माणसानं वर्षानुवर्षं ट्रान्समीटर कॅलिब्रेट केले, सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंतचे लूप तपासले, कंट्रोल रूममधला आकडा आणि टाकीतली खरी पातळी यांचा मेळ घातला, त्याला या छंदातला अवघड अर्धा भाग आधीच येतो. नव्या मुलांना प्रोग्राम लिहिता येतो, पण सेन्सर चुकीचं का दाखवतोय हे कळत नाही. अर्थिंग, ढिलं कनेक्शन, वायरमध्ये शिरलेला नॉइज, म्हणजे नको असलेला सिग्नल, यांचा संशय त्यांना येतच नाही. तुम्हाला तो पहिल्यांदा येईल. शिकायचं राहिलंय ते प्रोग्रामिंग, आणि टाकीची पातळी वाचायला लागणाऱ्या पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या ओळी एका पानात मावतात.

मुलीचं म्हणणंही पूर्णपणे चुकीचं नाही. रास्पबेरी पाय खरोखरच मुलांसाठी बनला. केंब्रिजमध्ये कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्या मुलांना आधीच्या पिढीइतकं प्रोग्रामिंग येत नाही, हे पायचे जनक एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यामागचं एक कारण त्यांनी असं ओळखलं, की घरातला कॉम्प्युटर महागडा आणि सगळ्यांच्या कामाचा, म्हणून आईवडील त्यावर मुलांना प्रयोग करू देत नाहीत. मग मुलाच्या हातात बिनधास्त देता येईल असा स्वस्त, वेगळा कॉम्प्युटर हवा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय बाजारात आला. किंमत होती ३५ डॉलर.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. घरच्या कामाचं यंत्र आणि प्रयोगाचं यंत्र वेगळं असावं, यासाठीच हा बोर्ड जन्माला आला, आणि तुम्ही नेमकी ती दोन पुन्हा एकत्र करायला निघाला आहात. तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट हीच. पाय ५ की त्याआधीची आवृत्ती पाय ४, ८ जीबी की १६ जीबी, हे सगळं नंतरचं.

चालू प्लँटच्या लूपवर तुम्ही कधी नवीन प्रयोग केलात का? तो वर्कशॉपच्या बेंचवर व्हायचा. घरातही तेच लावून बघा. छंदाच्या बोर्डाचं मेमरी कार्ड, ज्यावर त्याची सगळी सिस्टिम असते, ते तुम्ही दहा वेळा पुसून नव्याने भराल. एखादी पिन चुकून शॉर्ट होईल. रात्री अकरा वाजता नवी सिस्टिम टाकायला घ्याल आणि ती अर्ध्यात अडकेल. छंदात हे व्हायलाच हवं, त्याशिवाय हात बसत नाही. पण त्याच कार्डावर वहिनींचा डब्यांचा हिशेब असेल, तर एकतर तुम्ही बोर्डाला हात लावायला घाबराल आणि छंद थांबेल, नाहीतर महिनाअखेरीला बिलं काढायच्या दिवशी घरात वाद होईल. "बंद पडता कामा नये" हे त्यांचं वाक्य तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात. सगळ्या मतांमध्ये मला ते सर्वात वजनदार वाटतं.

म्हणून आधी घरच्या कामाचं बघू. माझा तुम्हाला प्रश्न आहे, डेस्कटॉपला नेमकं काय झालं? "बंद पडला" एवढंच तुम्ही लिहिलं आहे. मल्टिमीटर तुमच्या घरात असणारच. बटण दाबल्यावर पंखासुद्धा फिरत नसेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर. मदरबोर्डला जाणारा मोठा कनेक्टर काढा, त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला जोडा आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट येतात का ते मोजा. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, हे तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असेलच असं नाही. पंखा फिरतो पण स्क्रीनवर काही येत नाही, अशी तक्रार असेल तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे कॉन्टॅक्ट लवकर काळवंडतात आणि कित्येक "मेलेले" कॉम्प्युटर एवढ्यावर उठतात. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेलही त्याच वेळी बदलून टाका.

तो उठला, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क बसवा. यंत्र इतकं बदलेल की वहिनी विचारतील नवीन आणलात का. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून पाहा. डिस्कला हात न लावता ती चालते. एक संध्याकाळ वहिनींना त्यावर बसू द्या, हिशेबाची शीट उघडू द्या. आवडलं तर ठेवा. पायवर चालतं तेही लिनक्सच असल्यानं तुमचं शिक्षणही इथूनच सुरू होईल.

नाहीच उठला, तर सेकंडहँड मिनी पीसी बघा. ऑफिसातून लीज संपून बाहेर येणारे, वहीएवढे छोटे डेल, एचपी, लेनोवोचे डबे बाजारात सतत येत असतात. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पट्ट्यात राहून ते शोधणं अवघड जाऊ नये. नवाच हवा असेल, तर इंटेलच्या एन १०० प्रोसेसरचे छोटे पीसी आहेत. एक बोर्ड, त्याचा डबा, पंखा, अडॅप्टर, कार्ड, केबल असं सगळं जमवून जी बेरीज होते, ती अशा एखाद्या यंत्राच्या फार मागे राहत नाही.

पायवर रोजची कामं होतच नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही. पाय ५ च्या ४ जीबी बोर्डावर ब्राउझर, मेल, यूट्यूब, लिब्रेऑफिस हे सगळं नीट चालतं. मराठी टायपिंगही होतं, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धतींनी. कीबोर्डच्या पोटातच बोर्ड बसवलेला पाय ५०० तर घरात ठेवायलाही सुटसुटीत. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांनी तो जरूर घ्यावा. अडचण येते ती आपल्याकडच्या खास गोष्टींपाशी. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, त्यामुळे विंडोजसाठी बनवलेला प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाही. टॅली नाही, श्रीलिपी नाही, डिजिटल सहीचं टोकन चालण्याची खात्री नाही. बऱ्याच जुन्या लेझर प्रिंटरचा कंपनीनं दिलेला लिनक्स ड्रायव्हर असला, तरी तो इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी असतो. तुमच्या सोसायटीच्या मागच्या दहा वर्षांच्या नोटिसा जुन्या फॉण्टमध्ये असतील, तर त्या उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतील. ऑडिटर येण्याच्या आदल्या दिवशी हे कळू नये. म्हणून वहिनींना आणि तुम्हाला महिनाभरात नेमकं काय काय लागतं, ते एका कागदावर लिहून काढा. प्रिंटरचं मॉडेलसुद्धा लिहा.

विजेचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, पण बोर्डाच्या बाजूनं तो हमखास पुढे येतो, म्हणून हिशेब मांडते. डेस्कटॉप ६० वॉट घेतो असं धरलं आणि तो दिवसाला तीन तास चालला, तर महिन्याला ५.४ युनिट होतात. बोर्डानं १० वॉट घेतले तरी ०.९ युनिट. फरक साडेचार युनिटचा. तेवढ्यासाठी यंत्र बदलायची गरज नाही. पण टाकीवर चोवीस तास नजर ठेवायला तोच डेस्कटॉप लावलात तर ४३ युनिट जातील, आणि तिथे ५ वॉटचा बोर्ड ३.६ युनिटमध्ये भागवतो. कायम चालू राहणाऱ्या कामात छोट्या बोर्डाचा खरा फायदा आहे.

आता तुमच्या आवडीच्या भागाकडे येऊ.

टाकीच्या पातळीसाठी तुम्हाला पाय लागतच नाही. तुमच्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानदारानं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. रास्पबेरी पायला ॲनालॉग इनपुट नाही. पाय ५ लाही नाही. त्याच्या ४० पिनांपैकी सिग्नलच्या पिनांना फक्त चालू आणि बंद कळतं. ० ते ३.३ व्होल्टमधली मधली किंमत वाचायची तर एडीएस १११५ सारखी वेगळी चिप जोडावी लागते. याउलट ईएसपी ३२ किंवा पायचाच धाकटा भाऊ पिको हे बोर्ड काहीशे रुपयांत येतात आणि त्यांना ॲनालॉग इनपुट असतं. ईएसपी ३२ मध्ये वायफायही आतच असतं. पिको घेतलात तर नावात डब्ल्यू असलेला घ्या, साध्या पिकोत वायफाय नाही. या बोर्डांवर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नसते. तुम्ही लिहिलेला एकच प्रोग्राम ते चालवत राहतात. वीज गेली आणि आली की दोन सेकंदांत पुन्हा कामाला लागतात, कार्ड खराब होण्याचा प्रश्नच नाही. गच्चीवरच्या कामाला मला हेच हवं वाटतं.

तुमच्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्समीटरचा ४ ते २० मिलिॲम्पचा सिग्नल १०० ओहमच्या रेझिस्टरवर उतरवला की ०.४ ते २ व्होल्ट मिळतात, आणि ते ईएसपी ३२ च्या पिनेला झेपतं. कंट्रोल पॅनलमध्ये नेहमी असायचा तो २५० ओहमचा रेझिस्टर इथे लावू नका. त्यावर ५ व्होल्टपर्यंत जातं आणि ३.३ व्होल्टची पिन जळते. ईएसपी ३२ दोन्ही टोकांना सरळ रेषेत मोजत नाही, मधल्या पट्ट्यात बरं मोजतो. तेव्हा १०० ओहम तिथेही सोयीचाच. पाच बिंदूंवर कॅलिब्रेशनचा तक्ता करा. ही सवय हौशी मंडळींत फार थोड्यांना असते आणि त्यांची मोजमापं तिथेच फसतात.

घरगुती टाकीला इंडस्ट्रियल ट्रान्समीटर अर्थातच महाग पडेल. बहुतेक जण एचसी-एसआर ०४ नावाचा स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर झाकणाखाली लावतात. तो उघडा असतो. टाकीतल्या वाफेनं आणि क्लोरिननं तो लवकर जातो. केबलच्या टोकाला बंद डोकं असलेला जेएसएन-एसआर ०४ टी जास्त टिकतो, फक्त त्याला जवळचं दिसत नाही, म्हणून पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीपासून तो निदान २५ सेंटीमीटर वर राहील असा बसवा. दोन्हींचा परत येणारा सिग्नल ५ व्होल्टचा असू शकतो, तेव्हा दोन रेझिस्टर लावून तो ३.३ च्या आत आणायचा. खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर पहिले काही आठवडे फक्त दोन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे स्विच लावले असते, एक "भरत आली" आणि एक "संपत आली". सोसायटीला रोज एवढंच कळायला हवं असतं. मोरबे धरणातून इथवर आलेलं पाणी गच्चीवरून पागोळ्यांसारखं वाहून गटारात जाऊ नये, हे काम दोन फ्लोट स्विचही चोख करतात. टक्केवारीचा आकडा नंतर येऊ द्या.

गच्चीपर्यंत वायफाय पोहोचतं का, हे खरेदीच्या आधी मोबाइल घेऊन वर जाऊन बघा. मोबाइलमध्ये राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, कारण साधा ईएसपी ३२ फक्त तेच पकडतो. मध्ये तीन स्लॅब असतील तर सिग्नल मरू शकतो. मग लोरा नावाचा रेडिओ आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो परवान्याशिवाय वापरता येतो आणि अशा इमारतीत वरून खाली सहज पोहोचतो. बोर्डाचा डबा पावसाचं पाणी आत न येणारा हवा आणि केबल खालून आत गेली पाहिजे. हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

पक्ष्यांच्या कॅमेऱ्यासाठी मात्र पायच हवा. पण पाय ५ नाही. पाय झिरो २ डब्ल्यू हा च्युइंगगमच्या पाकिटाएवढा बोर्ड २०२१ मध्ये आला. त्यात मेमरी अवघी ५१२ एमबी आहे आणि हालचाल दिसली की फोटो काढून ठेवणं, एवढ्या कामाला ती पुरते. त्याला कॅमेरा मॉड्यूल ३ लावा. त्यात ऑटोफोकस आहे, त्यामुळे शिंजीर कुंडीवर बसला काय किंवा बुलबुल कठड्यावर बसला काय, दोघेही स्पष्ट येतील. केबलकडे लक्ष द्या. झिरो आणि पाय ५ यांचं कॅमेऱ्याचं सॉकेट २२ पिनांचं, अरुंद आहे आणि कॅमेऱ्यासोबत येणारी नेहमीची १५ पिनांची पट्टी त्यात बसत नाही. दोन टोकं वेगळी असलेली केबल मागून घ्या. त्याच दुकानात घेतली तर पुन्हा फेरी पडणार नाही. फ्लेमिंगोंची मात्र या कॅमेऱ्याकडून अपेक्षा नको. ते खाडीच्या चिखलात लांब असतात, फोटोत गुलाबी ठिपके येतील. त्यांच्यासाठी लेन्स बदलता येणारा एचक्यू कॅमेरा लागतो, तो पुढच्या वर्षी बघा.

मित्रानं सुचवलेल्या चिनी बोर्डांबद्दल माझं मत वाईट नाही. ऑरेंज पाय, रॅडक्सा यांचे काही बोर्ड कागदावर पायपेक्षा सरस आहेत. प्रोसेसर जोरदार, दोन नेटवर्क पोर्ट, एसएसडीची सोय बोर्डावरच. फरक पडतो तो विकत घेतल्यानंतरच्या वर्षांत. २०१२ च्या पहिल्या पायवरसुद्धा आजची ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस चालते, आणि तुम्ही जिथे अडकाल तिथे तुमच्याआधी हजार जण अडकून गेलेले असतात. त्यांची उत्तरं सापडतात. कमी खपाच्या बोर्डाला कंपनीची सिस्टिम एकदाच मिळते आणि पुढे पुष्कळदा आर्मबियनसारख्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पावर भिस्त राहते. ज्याला लिनक्सच्या पोटात शिरायला आवडतं, त्यानं तो बोर्ड खुशाल घ्यावा. पहिला बोर्ड म्हणून मी तो तुम्हाला सुचवणार नाही. सुरुवातीला काही चाललं नाही, तर चूक आपली की बोर्डाची हे कळणं फार गरजेचं असतं.

आणि १६ जीबी? दुकानदाराचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. पायवर मेमरी सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पण त्यावरून सगळ्यात मोठी घ्यावी असं ठरत नाही. १६ जीबी लागते ती घरात एआयचं मॉडेल चालवणाऱ्याला किंवा एकाच बोर्डावर सात-आठ सर्व्हर थाटणाऱ्याला. तुमच्या दोन्ही हौसांना मिळून एक जीबीसुद्धा लागत नाही. मेमरीच्या चिप महागल्यामुळे २०२५ च्या अखेरीस पायच्या किमती वाढल्या आणि जास्त मेमरीच्या बोर्डांना त्याचा फटका जास्त बसला. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला गरज नाही, नेमके तिचेच पैसे आता सर्वात जास्त मोजावे लागतील. पुढच्या काळजीपोटी पैसे खर्चायचेच असतील, तर ते कॅलिपर, चांगला सोल्डरिंग आयर्न आणि दोन जादा ईएसपी ३२ यांवर खर्चा.

कधी पुढे पाय ५ घेतलातच, तर त्याला त्याचाच अडॅप्टर घ्या. त्याला ५ व्होल्टला ५ ॲम्पिअर लागतात. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर आकड्यानं मोठा दिसतो, पण ५ व्होल्टला तो साधारण ३ ॲम्पिअरच देतो. मग बोर्ड यूएसबीचा प्रवाह आवळतो आणि बाहेरून लावलेली डिस्क मध्येच गायब होते. दोष मात्र बिचाऱ्या डिस्कला दिला जातो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो, तो थेट लावू नका. आणि कोणताही पाय बंद करताना आधी शटडाउन, मग स्विच. वीज अचानक जाण्यानं मेमरी कार्डं खराब होतात. त्यामुळे कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, ए १ चिन्हाचं घ्या, कॅमेऱ्यासाठी तर जास्त लिहिणं सोसणारं. सगळं नीट बसलं की त्या कार्डाची एक नक्कल करून ड्रॉवरमध्ये ठेवा.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड आहेच, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ट्रान्स हार्बरनं ठाणे, तिथून दादर आणि मग ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. सेन्सर, रेझिस्टर, डबे, केबल हातात घेऊन बघायचा आनंद तिथेच आहे. पाय मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातल्या अधिकृत विक्रेत्यांची नावं आहेत, त्यांच्याकडून घ्या आणि जीएसटीचं बिल मागा. पिको किंवा झिरो घेताना पिना सोल्डर केलेल्या हव्यात की नकोत ते विचारतील. तुमचा हात सोल्डरिंगला बसलेला असेल तर बिनपिनांचा घ्या.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. लिनक्स, पायथन यांचे धडे तिथे मराठी निवेदनात, फुकट मिळतात. आणि घरात मुलगी आहे. तिला लॅपटॉप सुचवल्याबद्दल रागावू नका. तिला वाटतंय की बाबा पैसे घालतील आणि मग हिरमुसतील. तिला एक ईएसपी ३२ हातात द्या आणि सांगा, फ्लोट स्विच उघडझाप झाला की माझ्या मोबाइलवर निरोप यायला हवा, एवढा प्रोग्राम आपण दोघं मिळून लिहू. कॉलेजात शिकलेलं खऱ्या पाण्याच्या टाकीवर लावायची संधी तिलाही रोज मिळत नसेल.

तुमच्या १५ हजारांतला मोठा वाटा घरच्या यंत्राकडे जाऊ द्या, मग ती एसएमपीएस आणि एसएसडी असो की सेकंडहँड मिनी पीसी. उरलेल्यातून आधी फक्त टाकीचं काम घ्या. ते महिनाभर न कुरकुरता चाललं, की मग झिरो आणि कॅमेरा. दोन्ही एकदम आणलंत तर एक खोक्यातच राहील.

एक गोष्ट उरली. टाकी आणि पंप सोसायटीचे आहेत, आणि तुम्ही सेक्रेटरी आहात, म्हणून जास्तच जपा. सेन्सर लावण्याआधी कमिटीत विषय मांडून ठराव घ्या. पहिले काही महिने बोर्डानं नुसती पातळी मोजावी आणि घंटा वाजवावी, पंपाचं बटण वॉचमनच्या हातातच राहू द्या. पुढे पंप आपोआप चालवायचा झालाच, तर दुकानात मिळणारा छोटा निळा रिले, म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच, पंपाच्या लाइनमध्ये घालू नका. तो फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची कॉइल ओढेल, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बोर्ड गप्प झाला तर पंप बंदच राहील, अशी जोडणी ठेवा. आणि वायरिंगचा नकाशा ठरावाच्या फाइलला जोडून ठेवा. पुढच्या सेक्रेटरीला तो लागेल.